चष्मेवाल्याच्या पाटीची शेवटची ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. चष्म्याच्या एका दुकानाच्या दारावर दोन साखळ्यांनी मला टांगलेले आहे. माझे वय झाले आहे, हे मी नाकारीत नाही. उजव्या कोपऱ्याला गंज चढला आहे आणि वारा सुटला की डावी साखळी कुरकुरते. पण 'जुनी पाटी' म्हटल्याबरोबर ऐकणाऱ्याच्या मनात जी कीव दाटून येते, ती कृपा करून माझ्यासाठी खर्च करू नका. मी आयुष्यात एकदा न्यायालयात गेले आहे आणि ताठ मानेने परत आले आहे. ती हकीकत तुम्हांला सांगावी, म्हणून आज बोलते आहे.

माझा जन्म पत्र्यांच्या एका मोठ्या चवडीत झाला. माझ्या काही बहिणी छपरांवर गेल्या, काहींच्या बादल्या झाल्या. मला एका रंगाऱ्याने उचलले. तो अंगाने काटकुळा होता आणि बोलण्यात कंजूष. पण कुंचला हाती आला की गुणगुणत असे. त्याने मला घासले, लाल अस्तर दिले, त्यावर पांढरा रंग चढवला, आणि मी वाळल्यावर मला भिंतीला टेकवून विचारले, "बोला, हिच्या तोंडी काय घालायचं?"

हा प्रश्न ज्यांना विचारला ते माझे मालक, चष्मेवाले. चेहरा गोल, चष्मा गोल, आणि स्वतःच्या विनोदाला सर्वांच्या आधी हसण्याची सवय. डोळे तपासण्यात मात्र त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवते. कारण माणूस एका बाबतीत चुकला म्हणजे तो सर्वच बाबतींत चुकीचा, असे मानणे अन्यायाचे आहे.

डोळे तपासायच्या तक्त्यावर वरचे अक्षर मोठे असते आणि खाली येता येता अक्षरे बारीक होत जातात, हे तुम्ही पाहिले असेल. मालकांना पाटीही तशीच हवी होती. म्हणून सर्वांत वर आले 'चष्मे', हाताच्या वितीएवढ्या अक्षरांत. त्याखाली, 'जगात याहून चांगले चष्मे नाहीत.' त्याहून लहान अक्षरांत, 'डोळे तपासून मिळतील. दर वाजवी.' आणि अगदी तळाशी, रंगाऱ्याने खारीच्या केसांच्या कुंचल्याने श्वास रोखून रेखलेली ती ओळ, जिच्यासाठी पुढे एवढे रामायण घडले:

'समोरच्या पांढऱ्या पट्टीवर उभे राहून नुसत्या डोळ्यांनी ही ओळ वाचून दाखवणाऱ्यास या दुकानातील हवा तो चष्मा विनामूल्य देऊ.'

"आणि कोणी वाचलीच तर?" रंगाऱ्याने कुंचला पुसत विचारले.

"अहो, ज्याला ती वाचता येईल त्याला चष्मा हवाय कशाला? आणि ज्याला चष्मा हवाय त्याला ती वाचता येणार नाही," मालक म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना स्वतःचाच चष्मा काढून पुसावा लागला.

मालकीणबाई दुकानाचा हिशेब पाहत. त्यांनी मान वर न करता म्हटले, "हसताय खरं, पण लिहिताय 'देऊ' असं."

"अगं, जाहिरात आहे ती. जाहिरातीत सगळेच काही ना काही देत असतात."

या उत्तरावर मालकांचे इतके प्रेम होते की विनोदाला शोभेल असा थाटही त्यांनी केला. रस्त्यापलीकडच्या फरसबंदीवर रंगाऱ्याकडून ठसठशीत पांढरी पट्टी काढून घेतली. दुकानातल्या काचेच्या कपाटावर एक पुठ्ठा लावला, 'वाचणाऱ्याची वाट पाहत आहोत.' आणि शेवटच्या ओळीवर वार्निशाचा पातळ हात मारायला सांगितले, कारण तेवढीच ओळ ऊनवाऱ्याने पुसली जाण्याची भीती होती. थट्टेसाठी कोणी इतकी काळजी घेतो का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. पुढे तो दुसऱ्या कोणाला तरी पडला.

ते दिवस माझ्या वैभवाचे होते. सकाळ झाली की पट्टीवर कोणी ना कोणी उभे असे. डोळे बारीक करणारे, डोळ्यांवर हात धरणारे, एक डोळा मिटून दुसऱ्यावर भार टाकणारे. तिथे एकमेकांची टर उडे. "तिसरीपर्यंत तरी पोचलास का?" असे मित्र मित्राला विचारी, आणि एक गृहस्थ तर रोज ठासून सांगत की तिथे ओळबीळ काही नाही, माश्या बसल्या आहेत. वाचता कोणालाच येत नसे. मात्र दुसऱ्या ओळीवरच अडखळलेला माणूस जरा गंभीर होई, रस्ता ओलांडी आणि दुकानाची पायरी चढे. अशा रीतीने ज्यांना आपले डोळे अधू झाल्याचे ठाऊक नव्हते, त्यांनाही मी दुकानात आणून बसवले. मालक अभिमानाने म्हणत, "पाटी नाही, माझा उजवा हात आहे ती."

मग एक लहानशी घटना घडली आणि तिने मालकांना अर्धवट शहाणे केले. एका गिऱ्हाइकाने काचेच्या कपाटातली सोनेरी काडीची चौकट पाहिली, तिच्यावरची किमतीची चिठ्ठी वाचली आणि जाहीर केले, 'ही मी घेतली.' चौकट तर आदल्याच दिवशी दुसऱ्यासाठी ठरून गेली होती. चिठ्ठी काढायची तेवढी राहिली होती. गिऱ्हाईक हट्टाला पेटले. तुम्ही मांडून ठेवली, मी होकार दिला, आता मागे हटता येणार नाही. तेव्हा तिथे नंबर बदलून घ्यायला आलेले एक वकील बसले होते. त्यांनी शांतपणे समजावले की कपाटात वस्तू मांडणे हा प्रस्ताव नसून नुसते आमंत्रण असते. 'घेतो' असे गिऱ्हाइकाने म्हणणे हाच खरा प्रस्ताव. तो स्वीकारायचा की नाही, हे दुकानदाराने ठरवायचे. नाहीतर एक चौकट आणि दहा जण 'घेतो' म्हणाले, तर बिचाऱ्या दुकानदाराने दहा चौकटी कुठून आणाव्यात?

वकिलांचे म्हणणे बरोबर होते. पण मालकांनी त्यातला निम्माच भाग खिशात घातला. त्या दिवसापासून ते सर्वांना सांगू लागले, "दुकानावर काहीही लिहा, काहीही मांडा, त्यानं कोणी बांधला जात नाही." मित्रांनो, अडाणीपणाला निदान शंका तरी येते, अर्धवट ज्ञान मात्र निर्धास्त झोपते.

पुढे एका दुपारी एक वयस्क गृहस्थ दुकानात आले. ते छापखान्यात जुळारी होते. शिशाचे खिळे, म्हणजे एकेक सुटे अक्षर, चिमटीत धरून ओळी जुळवायच्या, हे त्यांचे काम. बोटांची टोके काळवंडलेली आणि बोलणे छापील. मालकांनी त्यांचे डोळे फार आस्थेने तपासले. दूरचे वेगळे आणि जवळचे वेगळे, अशी दुहेरी काच लागेल; ती खास घासून घ्यावी लागेल, म्हणून महाग पडेल; तिच्यावाचून बारीक खिळे दिसणे कठीण, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. जुळारी ऐकत राहिले. मग म्हणाले, "विचार करतो," आणि निघाले. 'विचार करतो' याचा अर्थ दुकानदारांच्या भाषेत काय होतो, ते मालकांना ठाऊक होते. त्यांनी उसासा टाकला.

बाहेर माझ्याच सावलीत त्यांची मुलगी उभी होती. ती टपाल वाटायची. सारा रस्ता तिला टपालताई म्हणत असे. त्या दोघांचे बोलणे मी ऐकले. छापखान्यात लवकरच एका शब्दकोशाची जुळणी सुरू होणार होती. तिथले खिळे तांदळाच्या कणीएवढे. तोवर डोळ्यांची सोय झाली नाही, तर छापखान्याचे मालक ते काम दुसऱ्याला देणार होते, आणि जुळाऱ्यांना कागदाचे गठ्ठे बांधायला बसवणार होते.

"गठ्ठेही कोणीतरी बांधायचेच असतात," जुळारी म्हणाले.

"बांधायचे असतात. तुम्ही नाही, बाबा," टपालताई म्हणाली, आणि दोघे चालू लागले.

ती आतापर्यंत माझ्या बाजूच्या घरांचे टपाल वाटत आली होती. माझ्याखालून ती असंख्य वेळा गेली होती. पण दिव्याखाली अंधार तसे पाटीखालच्या माणसाला पाटी दिसत नाही. पुढच्या आठवड्यात तिची फेरी बदलली आणि ती पलीकडच्या फरसबंदीवरून येऊ लागली. एका सकाळी पिशवीतली पत्रे लावण्यासाठी ती थांबली, ती नेमकी पांढऱ्या पट्टीवर. पत्रे लावली, मान वर केली आणि माझ्याकडे पाहिले. तिची नजर सावकाश खाली उतरत गेली. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. पण नजर तिथे थांबली नाही. मित्रांनो, इतकी वर्षे लोक माझ्याकडे बघत होते, पण माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिलीच. तिचे ओठ हलले. मग ती खुदकन हसली.

पण ती धावत आली नाही. पट्टीवरच उभी राहून तिने हाक मारली, "काका, जरा बाहेर येता का? काकूंनाही आणा."

मालक बाहेर आले, मागून मालकीणबाई आल्या, शिडीवर शेजारच्या दुकानाची चौकट रंगवणारा रंगारीही वळला. आणि टपालताईने भर रस्त्यात, पत्त्यावरचे नाव पुकारावे तशा स्वच्छ आवाजात, 'समोरच्या' पासून 'देऊ' पर्यंत सगळी ओळ वाचून दाखवली. वाचून झाल्यावर रस्ता ओलांडला आणि म्हणाली, "मला दुहेरी काचेचा हवा. बाबांसाठी. नंबर तुमच्याकडे आहेच."

मालक आधी हसले. मग कोणीच हसत नाही असे पाहून थांबले. त्यांनी तिला सांगितले की ही एक गंमत होती. शिवाय चष्मा वाचणाऱ्याला, म्हणजे वाचणाऱ्याच्या डोळ्यांना, आणि तिच्या डोळ्यांना तर तो नकोच आहे. ती म्हणाली की ओळीत डोळ्यांबद्दल एवढेच आहे की ते नुसते असावेत. मालकांना राग आला. पण रागाखाली भीती होती, ती मला दिसत होती. एकीला दिला तर उद्या साऱ्या गावातली तीक्ष्ण डोळ्यांची नातवंडे आपापल्या आज्या-आजोबांसाठी पट्टीवर उभी राहतील. त्यांनी हात झटकले. "जाहिरात आहे ती, ताई. जाहिरातीनं कोणी बांधला जात नाही. वकिलांना विचार."

"विचारते," टपालताई म्हणाली.

त्याच दुपारी मालकांनी रंगाऱ्याला बोलावून माझी शेवटची ओळ काळ्या रंगाने बुजवायला सांगितले. मालकीणबाई दारात उभ्या होत्या. मालकांनी त्यांच्याकडे पाहून कसेबसे म्हटले, "तुला काय वाटतं?"

"शब्द देताना विचारलं नव्हतंत," त्या म्हणाल्या, "मोडताना कशाला विचारता?"

रंगाऱ्याने काम केले. पण त्या दिवशी तो गुणगुणला नाही. काळा रंग माझ्या तळाशी फिरला, आणि तोंडावर हात ठेवल्यावर माणसाला वाटत असेल तसे मला वाटले. त्यानंतरचे दिवस उदास गेले. लोक पट्टीवर येत, तळाशी काळा पट्टा पाहत आणि खांदे उडवून निघून जात. वरच्या तीन ओळी मी अजून बोलत होते. पण खरे सांगते, त्या तीन ओळी कोणतीही पाटी बोलते.

टपालताईने दावा लावला. जुळाऱ्यांना ते मुळीच रुचले नव्हते. समन्स घेऊन शिपाई आला, त्याच दिवशी ते मालकांना भेटायला आले होते, माफी मागायला. मुलगी मागोमाग पोचली आणि दोघांची माझ्याखालीच जुंपली.

"फुकटचा चष्मा नाकाला टोचतो, पोरी."

"फुकटचा कुठे, बाबा? मी वाचून मिळवलाय. तुम्ही नाही का आयुष्यभर अक्षरांवरच मिळवलंत?"

जुळाऱ्यांनी आपल्या काळवंडलेल्या बोटांकडे पाहिले. मग त्यांनी माझ्याकडे मान वर करून पाहिले. त्यांना माझा काळा पट्टा दिसत नव्हता, हे मला कळले. पण काहीतरी बुजवले आहे, एवढे त्यांना ठाऊक होते. "छापून लोकांपुढे ठेवलेलं खोडायचं नसतं," ते स्वतःशीच म्हणाले. "चूक असेल तर शुद्धिपत्र लावावं. खोडू नये." माफी न मागताच ते परत गेले.

न्यायालयाचा हुकूम आला की पाटी हजर करा. मला साखळ्यांवरून उतरवून, गोणपाटात गुंडाळून, हातगाडीवर घालून नेण्यात आले. न्यायालयाची खोली लांबट होती. वर एक जुना पंखा आपल्याच तालात फिरत होता आणि बाकांवरचे कागद फडफडवत होता. मला एका टोकाच्या भिंतीला टेकवले. दुसऱ्या टोकाला उंच खुर्चीवर न्यायाधीशबाई बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे, पण समोरचा बोलत असताना त्या खरोखर ऐकत असत, आणि ही गोष्ट मी फार थोड्या लोकांत पाहिली आहे.

मालकांच्या बाजूने तेच वकील उभे होते, चौकटीचा तंटा मिटवणारे. त्यांनी प्रथम असे मांडले की ओळीत 'देऊ' असे काही नव्हते. 'मिळू शकेल' अशा अर्थाचे काहीतरी मोघम होते. मालकांनी मान खाली घातली. त्यांनी वकिलांना खोटे सांगितले नव्हते. पण वकील बोलले तेव्हा त्यांना थांबवलेही नाही.

"ओळ काय म्हणत होती ते ओळीलाच विचारू," न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणि रंगाऱ्याला पुढे बोलावले.

त्याने खिशातून टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी काढली. वरचा काळा रंग ताजा होता, म्हणून हळूहळू सुटू लागला. खालच्या अक्षरांवर मालकांनीच हौसेने मारून घेतलेले वार्निश होते, म्हणून ती जशीच्या तशी राहिली. एकेक शब्द उजेडात आला. 'पट्टीवर' आला, 'नुसत्या' आला, 'हवा तो' आला. आणि सरतेशेवटी, चिंधीच्या एका फटकाऱ्यासरशी, 'देऊ.' माझा आवाज मला परत मिळाला. तो क्षण मी शब्दांत सांगू शकत नाही, आणि मी तर शब्दांचीच बनलेली आहे.

यानंतर वकिलांनी आपले खरे शस्त्र काढले. दुकानावरची पाटी म्हणजे कपाटातल्या चौकटीसारखीच, नुसते आमंत्रण. शिवाय हे वचन दिले कोणाला? ओळीत कोणाचे नाव नाही, आणि ज्याला नाव नाही त्याच्याशी करार कसा? शिवाय टपालताईने मालकांना मोबदल्यात दिले काय? शिवाय, आणि इथे वकिलांच्या मिशीत हसू आले, प्रस्ताव ठाऊक असेल तरच तो स्वीकारता येतो. हा प्रस्ताव तर ओळीच्या आत होता. ओळ वाचून होईपर्यंत तिला तो ठाऊक नव्हता, आणि ठाऊक झाला तेव्हा वाचन संपलेले होते.

खोलीत कौतुकाची कुजबुज झाली. मलाही क्षणभर धास्ती वाटली. युक्तिवाद खरोखर देखणा होता.

न्यायाधीशबाईंनी टपालताईला विचारले की तिने ओळ किती वेळा वाचली.

"दोनदा, बाई. एकदा मनात. मग काका-काकूंना बोलावून मोठ्यानं."

"पहिलं वाचन कळण्यासाठी झालं, दुसरं मिळवण्यासाठी," न्यायाधीशबाई वकिलांना म्हणाल्या. "ओळीत तरी 'वाचणाऱ्यास' कुठे आहे? 'वाचून दाखवणाऱ्यास' आहे. पुढे बोला."

वकिलांनी मोबदल्याचा मुद्दा पुन्हा पुढे केला. टपालताई मालकांकडेच वळली. "काका, माझ्यासारखे किती जण त्या पट्टीवर उभे राहिले. दिसलं नाही की तुमच्याकडेच आले ना? आम्ही तिथे उभं राहावं, हेच तर तुम्हांला हवं होतं."

मालकांनी वकिलांकडे पाहिले. पण बाकावरून मालकीणबाईंचा "खरं आहे" असा आवाज आला, आणि शिपायाने त्यांना शांत राहण्याची खूण केली.

शेवटी वकिलांची एकच शंका उरली. हिने आधी जवळून ओळ पाहून पाठ केली असेल. रस्ता ओलांडून कोणाला इतके बारीक दिसते का? न्यायाधीशबाईंनी थोडा विचार केला. मग त्यांनी रंगाऱ्याला जवळ बोलावले, त्याच्या कानात काही सांगितले आणि एक कोरा पुठ्ठा दिला. माझ्या शेवटच्या ओळीइतक्याच अक्षरांत त्याने पुठ्ठ्यावर काहीतरी रेखले. पट्टीपासून माझ्यापर्यंतचे अंतर आधीच मापून आणलेले होते. तेवढ्याच अंतरावर, दाराबाहेर ओसरीच्या टोकाला टपालताईला उभे केले, आणि पुठ्ठा माझ्या शेजारी टेकवला. सारी खोली वळून बसली. कोणालाच काही दिसत नव्हते. वकिलांनी तर चष्मा पुढे-मागे करून पाहिला.

जुळारी मागच्या बाकावर बसले होते. काळवंडलेली बोटे त्यांनी एकमेकांत घट्ट गुंतवली होती.

टपालताईने वाचले, "पंख्याखाली बसलेल्यांनी आपापले कागद सांभाळावेत."

आणि मित्रांनो, वकिलांचा हात आपसूक आपल्या कागदांवर गेला.

आधी न्यायाधीशबाईंच्या ओठांचा कोपरा हलला, मग शिपाई खोकला, मग सारी खोली हसली. वकीलही हसले, तो मोठ्या मनाचा माणूस होता. त्यांनी कागद उचलले आणि ते खाली बसले.

न्यायाधीशबाईंनी मालकांना एकच प्रश्न विचारला. ओळ लिहून घेतली तेव्हा चष्मा द्यायचा त्यांचा विचार होता की नव्हता?

मालक उभे राहिले. "खरं सांगू? कोणी वाचेल असं वाटलंच नव्हतं."

"म्हणजे वचन द्यायचं होतं," त्या म्हणाल्या, "पाळायची वेळ तेवढी यायला नको होती."

मग त्यांनी निकाल सांगितला. तो मला अजून तोंडपाठ आहे. कपाटातली चौकट नुसते म्हणते, या, बोलू. म्हणून तिने कोणी बांधला जात नाही, हे वकिलांचे म्हणणे योग्यच आहे. 'जगात याहून चांगले चष्मे नाहीत' या ओळीवर कोणी दावा लावला असता, तर त्याला त्यांनी घरी पाठवले असते, कारण ती बढाई आहे आणि बढाईला कोणी वचन समजत नाही. (हे ऐकून मला जरा लागले, पण न्यायापुढे इलाज नाही.) शेवटची ओळ मात्र वेगळी आहे. काय करायचे ते तिने सांगितले, कुठे उभे राहायचे ते सांगितले, काय मिळेल ते सांगितले. बोलून ठरवण्यासारखे काही उरलेच नाही. शिवाय पट्टी आखली, पुठ्ठा लावला, वार्निश दिले. थट्टेला कोणी वार्निश देत नाही.

"साऱ्या जगाला उद्देशून बोललात, म्हणजे कोणाशीच बोलला नाहीत असं होत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "जी पुढे आली आणि सांगितलेलं करून मोकळी झाली, तिच्याशी तुमचा करार झाला. ओळ तुम्ही केव्हाही काढू शकता. पण ती पुढच्यांसाठी. जिनं वाचली तिच्यासाठी नाही. आणि चष्मा कोणाच्या नाकावर बसावा, याबद्दल ही ओळ मौन आहे. तेव्हा ते ज्याचं त्यानं ठरवावं."

मी जिंकले होते. होय, मित्रांनो, 'आम्ही' म्हणायला हवे हे मला कळते. पण पाटीच्या आयुष्यात असे क्षण किती येतात?

आता मालकांबद्दल सांगते, कारण माझी हकीकत त्यांच्या पराभवावर संपत नाही. काचा त्यांनी स्वतः निवडल्या, घासून आल्यावर दोनदा परत पाठवल्या, आणि तिसऱ्यांदा समाधान झाले तेव्हाच चौकटीत बसवल्या. जुळारी आले त्या दिवशी मी अजून भिंतीलाच टेकून होते. मालकांनी आपल्या हातांनी त्यांच्या कानांमागे काड्या बसवल्या. जुळाऱ्यांनी आधी मुलीकडे पाहिले, बराच वेळ.

"तुझ्या भुवईवर हा तीळ कधीपासून आहे?"

"जन्मापासून, बाबा."

"हं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून, काहीच झाले नाही अशा थाटात, पुसू लागले.

मग ते माझ्यापुढे उकिडवे बसले आणि नाक टेकेल इतक्या जवळून त्यांनी माझी शेवटची ओळ वाचली, बोटाने, अक्षर न् अक्षर, जुळणी तपासावी तशी. "स्वच्छ आहे," ते म्हणाले. मला आजवर मिळालेली ही सर्वांत मोठी शाबासकी. शब्दकोशाचे काम त्यांनीच केले. त्याची एक प्रत मालकीणबाईंच्या टेबलावर आजही आहे.

मला पुन्हा टांगण्याआधी रंगाऱ्याने विचारले की तळाची ओळ ठेवायची की घासून काढायची. मालक विचारात पडले. मालकीणबाईंनी या वेळी मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या.

"ठेव," मालक म्हणाले. "आणि 'हवा तो चष्मा'च्या आधी तेवढीच जागा काढून लिही, 'स्वतःसाठी वा आपल्या माणसासाठी.' या वेळी मी विचारून लिहितोय हं," असे म्हणून त्यांनी बाईंकडे पाहिले आणि दोघेही हसले. रंगारी अक्षरे रेखू लागला. तो गुणगुणत होता.

मालकांची भीती खोटी ठरली. तसे डोळे फार थोड्यांना असतात. पण खऱ्या वचनाची पाटी पाहायला गावोगावचे लोक आले, आणि दुकान पूर्वीपेक्षा अधिक चालले.

मित्रांनो, तुम्हीही उद्या पाट्या रंगवाल, फळ्यावर लिहाल, मित्राला चिठ्ठी पाठवाल. बढाई मारायची असेल तर खुशाल मारा. जग तिला हसून सोडून देते. पण 'हे करा, ते देऊ' असे लिहाल तेव्हा जरा थांबा. कोणीतरी कुठेतरी रस्त्यापलीकडे उभे राहून ते वाचणार आहे, आणि त्याच्या घरी कोणाला तरी त्याची खरोखर गरज असणार आहे. आणि माझ्यासारखी एखादी जुनी पाटी दिसली, तर तिच्या तळाची धूळ तेवढी पुसा. सर्वांत महत्त्वाचे तिथेच लिहिलेले असते.

पांढरी पट्टी अजून आहे. तिच्यावर उभे राहा, डोळे बारीक करू नका, आणि माझ्याकडे पाहा. वाचता आले तर आत या. शब्द दिलेला आहे.